न काढलेल्या रेषा

ग्राफ थिअरी, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित, शिकवताना सुरुवातीचे तास व्याख्यांतच जातात. शिरोबिंदू (ग्राफमधले बिंदू), कडा (त्यांना जोडणाऱ्या रेषा), डिग्री (एका बिंदूला मिळणाऱ्या कडांची संख्या), पूर्ण ग्राफ, बायपार्टाइट ग्राफ, पूरक ग्राफ. मुलं वहीत उतरवून घेतात आणि पुढे सरकतात. या रुक्ष वाटणाऱ्या व्याख्यांत केवढी ताकद आहे, ते एका तासाला माझ्या एका विद्यार्थिनीने सगळ्या वर्गासमोर दाखवलं.

विषय होता थ्री-रेग्युलर ग्राफ, म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूची डिग्री तीन. कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांच्या कोड्यावरच्या, गणितज्ञ ऑयलरच्या १७३६च्या लेखातला साधा विचार आधी सांगितला: प्रत्येक कडेला दोन टोकं असतात, म्हणून सगळ्या डिग्रींची बेरीज कडांच्या दुप्पट भरते. त्यामुळे पाच बिंदूंवर असा ग्राफ होणारच नाही, कारण बेरीज १५, विषम. चार बिंदूंवर फक्त पूर्ण ग्राफ, म्हणजे प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांना जोडलेला. सहा बिंदूंवर मात्र खरी मजा सुरू होते. बेरीज १८, कडा ९.

फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. एकीत वर तीन बिंदू, खाली तीन, आणि वरचा प्रत्येक खालच्या प्रत्येकाला जोडलेला. दुसरीत त्रिकोणाच्या आत त्रिकोण, समोरासमोरचे कोपरे जोडलेले. याला प्रिझम म्हणतात. विचारलं, "हा एकच ग्राफ दोन तऱ्हांनी काढलाय, की दोन वेगळे आहेत?"

थोडा गलका झाला. मग मागून एक जण म्हणाला, "मॅडम, दुसऱ्यात त्रिकोण आहे. पहिल्यात तो होऊच शकत नाही. तीन पावलं टाकली की आपण पलीकडच्या बाजूला असतो." अगदी बरोबर. बायपार्टाइट ग्राफमध्ये बिंदूंचे दोन गट असतात आणि कडा फक्त एका गटातून दुसऱ्यात जातात, म्हणून त्यात विषम लांबीचं चक्र (निघालो त्याच बिंदूवर परत आणणारी बंद वाट) नसतं, आणि ज्यात असं चक्र नाही तो ग्राफ बायपार्टाइट असतोच. दोन्ही वेगळे, हे ठरलं.

मी पुढे जाणार, तेवढ्यात एरवी फारसं न बोलणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मग असे एकूण किती? हे दोनच, की आणखी आहेत?"

"शोधा," म्हटलं. सगळे कामाला लागले. कुणी षटकोनात कर्ण टाकले, कुणी चौकोनापासून सुरुवात केली. जे निघे ते थोडं ओढून-ताणून या दोघांपैकीच एक ठरे. पण नुसतं काढत बसून सिद्धता होत नाही. पुढचा निराळा निघणार नाही कशावरून?

ती मुलगी काहीच काढत नव्हती. थोड्या वेळाने फळ्याशी आली. "प्रत्येक बिंदूला बाकीचे पाच आहेत. तिघांशी जोडला, तर दोघे उरतात. मी उरलेल्या रेषाच काढते." सहा बिंदू मांडून ती तुटक रेषांनी काढू लागली. पूरक ग्राफची, म्हणजे मूळ ग्राफमध्ये नसलेल्या नेमक्या रेषांच्या ग्राफची, व्याख्या मी आधीच्या तासाला एका ओळीत उरकली होती. तिने ती हत्यारासारखी उचलली.

आता प्रत्येक बिंदूची डिग्री दोन. म्हणजे सगळा ग्राफ चक्रांचाच बनलेला, दुसरं काही शक्यच नाही. चक्राला किमान तीन बिंदू लागतात. सहा बिंदूंची वाटणी मग दोनच तऱ्हांनी होते: एक षटकोन, किंवा दोन सुटे त्रिकोण. दोन ग्राफ एकच असले तर त्यांचे पूरकही एकच असतात आणि याच्या उलटही खरं, म्हणून मूळ ग्राफही दोनच. संपलं! दोन त्रिकोणांचा पूरक म्हणजे आमची पहिली आकृती, षटकोनाचा पूरक म्हणजे प्रिझम. षटकोनातले एकाआड एक बिंदू जोडून तिने ते दोन त्रिकोण दाखवले, तेव्हा मी खडू खाली ठेवला आणि तिलाच पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लावलं. इतकी नेटकी सिद्धता वर्गात, कुणाच्या मदतीशिवाय सुचावी, याचा मला फार आनंद झाला.

लगेच कुणीतरी आठ बिंदूंचं काढलं. तिथे पूरकाची डिग्री चार होते, त्यामुळे युक्ती तेवढी सोपी राहत नाही. उत्तर मला ठाऊक होतं: सलग जोडलेले पाच, आणि एक तुटलेला. त्या मुलीने तुटलेलाच आधी काढला, चार-चार बिंदूंचे दोन पूर्ण ग्राफ शेजारी-शेजारी. मला विचारलं, "हा चालेल ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्याचा पूरक काढायला घेतला. चार वर, चार खाली, वरचा प्रत्येक खालच्या प्रत्येकाला जोडलेला.