साठ-पंचावन्नचा पुरेपूर उजेड : आमची वाटचाल

कराडला हायवेलगत आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बाबांनी ते १९८६ साली सुरू केलं, तेव्हा काम मुख्यतः सेल्फ आणि डायनमोचं असायचं. अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, महिंद्राच्या जीपा आणि ट्रक एवढीच गिऱ्हाइकं. हेडलाइटचा बल्ब हा त्या धंद्यातला चिल्लर माल. आज दुकानाचा निम्म्याहून जास्त व्यवसाय हेडलाइटवर चालतो, आणि त्यातही बराचसा भाग असा, की गाडी दुकानात येतच नाही. माणूस वायरिंगचं तयार किट घेऊन जातो आणि घरच्या अंगणात स्वतः बसवतो. इथपर्यंत आम्ही कसे आलो, ते नव्या गिऱ्हाइकांना कळावं म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या भागात रात्रीच्या उजेडाला जे महत्त्व आहे ते समजायचं असेल, तर गळीत हंगामात कराड-पाटण किंवा कराड-विटा रस्त्याला रात्री गाडी चालवून बघावी. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटतात आणि पुढे मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर मातीनं झाकलेला. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. ती ट्रॉली ६० मीटरवर दिसली आणि ३० मीटरवर दिसली, यातल्या फरकापायी आमच्या भागात घरं माणसांना मुकली आहेत. म्हणून ‘लाइट वाढवून द्या’ म्हणत येणारा माणूस हौसेखातर आलेला नसतो, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं.

मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन बल्ब गावोगाव पोचला. त्याआधीच्या गाड्यांत ४५/४० चा साधा टंगस्टन बल्ब असे. साठ-पंचावन्न म्हणजे अप्परला ६० वॅट, डिप्परला ५५. थोड्याच काळात बाजारात शंभर-नव्वदचा बल्ब आला. खाचा त्याच, पिना त्याच, किंमतही फार जास्त नाही. जो तो तोच मागायचा. बाबांनी तो ठेवायला नकार दिला. ‘माझ्याकडे मिळणार नाही, आणि तुम्ही दुसरीकडून आणला तर मी बसवणारही नाही,’ असं ते सरळ सांगायचे. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. त्यांनी जाऊ दिलं.

त्यामागचं गणित त्यांनी मला मल्टिमीटर हातात देऊन शिकवलं. साठ वॅटचा एक बल्ब बारा व्होल्टला पाच अँपिअर ओढतो, शंभरचा आठच्या वर. गाडीच्या कंपनीनं वायर, स्विच आणि होल्डर दिलेले असतात पाचच्या हिशोबानं. करंट पावणेदोन पटीच्या आसपास गेला की वायरीतली आणि जोडातली उष्णता जवळजवळ पावणेतीन पट होते. मग होल्डर वितळतो, स्विचचा पॉइंट जळतो, आणि आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी धुरकट होत जाते. एकदा रिफ्लेक्टर गेला की कितीही वॅटचा बल्ब लावा, उजेड रस्त्यावर पोचत नाही.

पण बाबांनी फक्त नकार देऊन माणसाला परत पाठवलं असतं, तर आमचा धंदा इथे आलाच नसता. ते इंजिन चालू करायला लावायचे, लाइट लावायचे आणि मीटरची एक पिन बॅटरीवर, मग तीच बल्बच्या होल्डरवर लावून दाखवायचे. बॅटरीवर चौदाच्या आसपास आकडा, होल्डरवर बाराही नाही. बॅटरीपासून निघालेली वीज डॅशबोर्डमधला स्विच, मग अप्पर-डिप्परचा स्विच आणि बारीक वायर अशा लांबच्या वाटेनं फिरून येते, वाटेत व्होल्टेज गळतं. फिलामेंटच्या बल्बचं असं आहे, की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या गाडीत साठ-पंचावन्नचा बल्ब होता, पण उजेड साठ-पंचावन्नचा नव्हताच.

त्यावरचा इलाज रिलेचं वायरिंग. रिले म्हणजे थोड्याशा करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. गाडीच्या मूळ स्विचला फक्त रिले ओढण्याचं हलकं काम द्यायचं, आणि बल्बला वीज बॅटरीवरून जाड वायरीनं, मध्ये फ्यूज घालून, थेट रिलेमार्फत द्यायची. अप्परला एक रिले, डिप्परला एक. अर्थची वायरही तेवढीच जाड, आणि ती रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळलेली. एवढं केलं की तोच जुना बल्ब पांढराशुभ्र जळायला लागतो. ते पाहून माणूस खूश होऊन जायचा आणि पुढच्या आठवड्यात मेहुण्याला घेऊन यायचा. दुकानाचं नाव झालं ते या वायरिंगवर.

मी पूर्णवेळ दुकानात आलो तेव्हा हे वायरिंग आम्ही प्रत्येक गाडीला मोजून, तिथल्या तिथे बनवत होतो. कोयनानगरचा माणूस, अगदी कुंभार्ली घाट चढून चिपळूणचाही, केवळ त्यासाठी यायचा आणि अर्धा दिवस बाकड्यावर बसायचा. मी ते तयार हार्नेसच्या, म्हणजे आधीच जोडून ठेवलेल्या वायरींच्या जुडग्याच्या, रूपात बांधायला सुरुवात केली. दोन रिले, सिरॅमिकचे होल्डर, फ्यूज, टोकाला लग (धातूची टोपी) दाबलेल्या वायरी, सगळं कपलरमध्ये, म्हणजे खोचायच्या जोडात. जुना कपलर आमच्या सॉकेटात खोचायचा, नवे दोन होल्डर बल्बला, दोन वायरी बॅटरीला. वायर कापायची गरजच नाही. एक गोष्ट मात्र आधी विचारावी लागते, आणि आम्ही आजही फोनवर पहिल्यांदा तीच विचारतो: गाडी कोणती? कारण बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे सरसकट हार्नेस चालत नाही, वेगळा लागतो.

किट घरी गेलं की बसवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. किटबरोबर आलेला इंग्रजी कागद कुणी वाचत नव्हतं. माझी पत्नी शाळेत मराठी शिकवायची. तिनं मला बल्ब बदलताना शेजारी उभं राहून पाहिलं, प्रश्न विचारले आणि सूचनापत्रिका लिहून काढली. मग ती आपल्या बहिणीला वाचायला दिली आणि जिथे बहीण अडखळली तिथे वाक्य बदललं. आजवर त्या पत्रिकेत फारसा बदल करावा लागलेला नाही.

त्यातलं सार इथे देतो, कारण किट न घेताही ते कुणाच्याही उपयोगी पडेल. आधी गाडीच्या पुस्तिकेत किंवा जुन्या बल्बच्या बुडावर नंबर बघायचा: एच-४, एच-७, एच-११, जे असेल ते. एच-४ मध्ये अप्पर-डिप्पर एकाच बल्बात असतं. एच-७ आणि एच-११ मध्ये फिलामेंट एकच, त्यामुळे सहसा अप्पर वेगळा आणि डिप्पर वेगळा. चावी काढून ठेवायची आणि बल्ब पूर्ण थंड होऊ द्यायचा. मागचा कपलर ओढताना वायरीला धरायचं नाही, कपलरच धरायचा. एच-४ वर रबराचं झाकण असतं, ते कडेनं सोडवत काढायचं. आत तारेची क्लिप दिसते. ती आत दाबून बाजूला सरकवली की सुटते. बल्ब सरळ मागे येतो.

नवा बल्ब धातूच्या बुडाला धरून उचलायचा. काचेला बोट लागू द्यायचं नाही, आणि हे सांगण्यामागे कारण आहे. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असते आणि शेकडो अंश तापते. बोटाचा तेलकटपणा त्या जागी भाजून बसतो, तिथे काच पांढुरकी पडते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटनं पुसून, वाळवून मग बसवावा. एच-४ ला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर. बल्ब एकाच पद्धतीनं बसतो, बसत नसेल तर जोर करायचा नाही, फिरवून बघायचं. रबराचं झाकण परत लावताना त्यावरची ‘टॉप’ची खूण वर ठेवायची आणि ते गोलाभोवती नीट चेपायचं, नाहीतर पावसाळ्यात हेडलाइटच्या आत पाणी. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदलावेत, कारण एक गेला म्हणजे दुसऱ्याचंही आयुष्य संपत आलेलं असतं. ज्या गाडीत बल्बपर्यंत पोचायला बॅटरी किंवा एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो, त्या गाडीचं काम घरी पहिल्यांदाच करणाऱ्यानं एकट्यानं करू नये, असं आम्ही स्पष्ट लिहिलं आहे.

पुढे एचआयडी किटची लाट आली, म्हणजे फिलामेंटऐवजी वायूतून ठिणगी पाडून उजेड देणारे बल्ब. निळसर पांढरा झोत, ३५ वॅटमध्ये हॅलोजनपेक्षा खूप जास्त प्रकाश, पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका देणारा बॅलास्ट. पुण्या-मुंबईहून लावून आलेल्या गाड्या बघून आमच्याकडची पोरं वेडी झाली. नफाही एका किटमागे आमच्या दहा हार्नेसइतका होता. आम्ही ते घेतलं नाही, आणि तेव्हा दुकान अडचणीतून गेलं. एक कारागीर सोडून गेला. त्या काळात बाबा आणि मी दोघंही एका गोष्टीवर ठाम राहिलो, ती म्हणजे हेडलाइट हा एक जुळवलेला संच आहे. एच-४ च्या डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि रस्त्यावर वरची कड कापल्यासारखा झोत तयार होतो. आपल्याकडे डावीकडून चालतात, म्हणून तो झोत डावीकडे थोडा वर चढतो: कडेचा माणूस, पाटी, मैलाचा दगड दिसावा, पण समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये. हे सगळं त्या फिलामेंटच्या जागेवर अवलंबून असतं, आणि तिथे मिलिमीटरच्या अंशांचा हिशोब असतो. त्या जागी दुसऱ्याच आकाराचा प्रकाश ठेवला की झोत विस्कटतो. लावणाऱ्याला समोर लख्ख दिसतं, आणि समोरून मोटारसायकलवर बायको-पोराला घेऊन येणाऱ्याला काहीच दिसत नाही. तो माणूसही आमच्याच तालुक्यातला असतो.

हेच मी आज एलईडी बल्बबद्दल सांगतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घालायचे एलईडी बल्ब आम्ही विकत नाही. फिलामेंट सगळीकडे उजेड फेकतं, एलईडीच्या चिप्स पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या असतात. मागचा पंखा धुळीनं बंद पडला की चिप तापून मंद होते. पुन्हा धुक्यात आणि ओल्या रस्त्यावर तो गार पांढरा उजेड डोळ्यांवरच परत येतो. आंबोलीला किंवा महाबळेश्वरच्या घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी हे अनुभवलेलं आहे. कायदाही या बाजूनं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. ज्या गाडीत कंपनीनंच एलईडी हेडलाइट दिला आहे तिची गोष्ट वेगळी, ते पूर्ण युनिट त्यासाठीच घडवलेलं असतं. त्यात घरी बदलण्यासारखा बल्ब नसतो, आणि युनिट बदलायचा खर्च मोठा असतो, हे गाडी घेतानाच ध्यानात घ्यावं.

दुचाकींनी आम्हाला हात दिला. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर सतत चालू राहू लागला, आणि ३५/३५ च्या बल्बांची विक्री वाढली. मग २०२० चं लॉकडाऊन. दुकानाचं शटर खाली, पण दूध, भाजी, औषधं वाहणाऱ्या गाड्या रात्री धावतच होत्या. त्यांचे चालक व्हिडिओ कॉल करायचे, मी घरून सांगायचो, ते मोबाइल बोनेटवर टेकवून बल्ब बदलायचे. ज्यांनी कधी पान्हा धरला नव्हता त्यांनीही केलं. त्यानंतर आम्ही किट कुरिअरनं पाठवायला लागलो. आज सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे नियमित जातात, आणि पॅकिंगचं व फोनवर समजावण्याचं काम पत्नी आणि दोन मुली सांभाळतात. गावातल्या पोरींनी वायरीला लग दाबायला शिकून हा व्यवसाय उभा ठेवला, याचा मला अभिमान आहे.

अलीकडे वाढलेलं काम म्हणजे पिवळ्या पडलेल्या काचा. ती काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं, आणि उन्हानं तिचा वरचा थर खराब होतो. बल्ब नवा, वायरिंग नवं, तरी उजेड नाही, अशी गाडी आली की आम्ही आधी तिकडे बघतो. पाणी मारत ८०० पासून २००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर, मग बफिंग, आणि शेवटी ऊन रोखणारा क्लिअर कोट. कोट न मारता सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. टूथपेस्ट चोळून आलेली चमक तर त्याहून कमी टिकते.

आणि हे सगळं करून फोकस जुळवला नाही तर अर्धं काम वाया. बऱ्याच हेडलाइटवर १.० टक्का किंवा १.३ टक्के असा आकडा छापलेला असतो. एक टक्का म्हणजे दहा मीटरवर झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल, तर असा झोत सुमारे ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. दोन टक्के खाली गेला की तोच साडेबत्तीस मीटरवर टेकतो, आणि माणूस म्हणतो बल्ब खराब आहे. घरी तपासायला सपाट जागा, समोर भिंत आणि खडू पुरतो. पाच मीटरवर गाडी उभी करून, एक टक्क्याचा हेडलाइट असेल तर कड पाच सेंटिमीटर खाली येते का बघायचं.

ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी आम्ही दर वर्षी कारखाने सुरू होण्याआधी संध्याकाळी फोकस तपासून देतो. त्याचे पैसे घेत नाही. ट्रॅक्टरवाले ट्रॉलीसकट आले तर मागे लाल रिफ्लेक्टर पट्टीही लावून देतो. येताना टायरमध्ये हवा बरोबर भरून यावं, डिकीत नेहमी असतं तेवढं सामान असू द्यावं, आणि डॅशबोर्डवर हेडलाइट वर-खाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर ठेवून यावं.