पाला तोच, मात्रा वेगळी : आमची वाटचाल

सेलूच्या मोंढ्याजवळ आमचं छोटं युनिट आहे. एका खोलीत शेवग्याचा पाला सावलीत वाळतो, दुसऱ्या खोलीत ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत सोयाबीन, हरभरा, ज्वारी उगवत असते. शेतकरी घरचं बियाणं घेऊन येतात. आम्ही आधी उगवण तपासतो, मग बियाण्यावर शेवग्याच्या पाल्याच्या अर्काची प्रक्रिया करून देतो.

सासऱ्यांचं कृषी सेवा केंद्र होतं. मृगाचा पाऊस झाला की पंधरवड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी यायच्या. सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीयंत्राचा वेग जास्त असला, पोती आपटली, थप्पी उंच रचली की आतला अंकुर दुखावतो. म्हणून तर प्रमाणित सोयाबीनला उगवणीची अट ७० टक्केच आहे, हरभऱ्याला मात्र ८५. हे मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकले होते. तिथंच गाजरगवताच्या अर्कात ज्वारीची मुळं खुरटलेली पाहिली. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य दुसऱ्याचा कोंब दाबतं. एका वनस्पतीचा दुसरीवर होणारा असा रासायनिक परिणाम वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली ‘अ‍ॅलेलोपॅथी’ या शास्त्रीय नावासह मांडला. आपली ज्वारीही काही कमी नाही. तिच्या मुळांतून सॉर्गोलिओन नावाचं द्रव्य झिरपतं आणि आसपासचं तण दबतं.

पाला दाबू शकतो, तर उठवूही शकेल का? या एका प्रश्नावर आमचं काम उभं आहे. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यात झिआटिन असतं, पेशींची वाढ करणारं. पण दाट अर्कात शेवगाही उगवण मागं खेचतो. द्रावणात क्षार आणि साखर वाढली की बियाला पाणी ओढून घेता येत नाही, शिवाय पाल्यातली इतर द्रव्यं मुळाच्या टोकाला बाधतात. परिणाम आधी मुळावर दिसतो, कोंबावर नंतर. म्हणून आम्ही उगवलेले दाणे मोजून थांबत नाही, पट्टी लावून मुळाची लांबी घेतो. अर्क एकास तीस पाण्यात पातळ करण्यापासून सुरुवात करतो आणि प्रत्येक पिकाची मात्रा वेगळी ठरवतो.

प्रत्येक चाचणीत एक गुंडाळी कोरड्या बियाण्याची आणि एक नुसत्या पाण्यात भिजवलेल्या बियाण्याची असतेच. रब्बी ज्वारी साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवली तरी लवकर उगवते. ते श्रेय अर्काच्या नावावर खपवणं म्हणजे शेतकऱ्याला फसवणं, असं मला ठामपणे वाटतं. बोअरचं खारं पाणीही निकाल बिघडवतं, म्हणून चाचणीला आम्ही साठवलेलं पावसाचं पाणी वापरतो.

सुरुवातीला अर्क बाटलीत भरून विकावा, असा आग्रह बऱ्याच जणांनी धरला. पण ताजा अर्क उन्हाळ्यात लगेच आंबतो. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाची वाढ चेतवणारी अशी द्रव्यं, सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली, आणि नोंदणीचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा बाटलीचा विचार सोडला आणि तपासणी व प्रक्रियेचीच सेवा द्यायचं ठरवलं. नफा कमी आहे. पण बियाणं डोळ्यांसमोर असतं, आणि शेतकऱ्याला कागद उलगडून दाखवता येतो. बायाबापड्या स्वतः मुळं मोजतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

सोयाबीन आम्ही कधीच भिजत घालत नाही. टरफल सुटतं, दाणा फुटतो. त्याला अर्काचा फक्त हलका हात देऊन सावलीत सुकवतो. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू, सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर.

नमुना एप्रिलमध्येच आणा. सोयाबीनच्या अंतिम मोजणीला आठ दिवस लागतात, आणि रोहिण्या लागल्यावर आमच्याकडे जागा उरत नाही. उगवण ७० टक्क्यांच्या खाली आली तर आम्ही अर्क लावून देत नाही. मेलेला दाणा कोणत्याच पाल्यानं उठत नाही. अशा वेळी बियाण्याचं प्रमाण वाढवा नाहीतर बियाणं बदला, एवढंच सांगतो, आणि तपासणीचे पैसेही घेत नाही.