विहिरीतली हंदी

सकाळी सहाला फोन आला तेव्हा खानापुरातल्या माझ्या दवाखान्याचं शटर अजून खालीच होतं. जांबोटीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका वाडीवरनं वनखात्याचा वॉचर बोलत होता. आवाज तुटत होता. "सर, ...हंदी बाव्याग बिद्दैत्री," एवढंच नीट कानावर आलं. कन्नडमध्ये हंदी म्हणजे डुक्कर. रानडुक्कर विहिरीत पडलं असणार असं धरून मी भुलीचं औषध, जाड जाळी आणि दोरखंड घेतले, दोन दांडगी पोरं गाडीत घातली आणि निघालो.

विहीर अर्धवट खोदून सोडलेली, कोरडी, दोन पुरुष खोल. काठावर अख्खी वाडी जमलेली. वाकून बघितलं तर तळाच्या पाचोळ्यात एक भलामोठा फणस पडल्यासारखा गोळा. त्यावर एकावर एक बसवलेले तपकिरी खवले. वॉचर 'चिप्पुहंदी' म्हणाला होता आणि 'चिप्पु' तेवढं रेंजमध्ये गळून गेलं होतं.

आमच्या भागात या नावांनी असा घोळ होतो. कन्नडमध्ये साळिंदर म्हणजे मुळ्ळुहंदी, काट्यांचं डुक्कर, आणि हे चिप्पुहंदी, खवल्यांचं डुक्कर. इंग्रजीतल्या हेजहॉगच्या नावातही डुक्करच दडलंय. खरं तर साळिंदर उंदीर-खारीच्या गोतातलं, हेजहॉग चिचुंद्रीच्या जवळचा. आपण मराठी माणसं खवले मांजर म्हणतो ते मात्र नकळत बरोबरच्या दिशेनं गेलंय, कारण आज जिवंत असलेल्या प्राण्यांत या जनावराचे सगळ्यात जवळचे नातलग मांजर-कुत्र्यांसारखे मांसाहारी प्राणी आहेत.

"त्येच्यावर पाणी ओता ओ डॉक्टर, आपसूक उलगडतंय," एक म्हातारे म्हणाले. दोन घागरी भरून तयारही होत्या. मी हात जोडून त्या बाजूला ठेवायला लावल्या. जबरदस्तीनं उलगडायला गेलं की हे जनावर भीतीनंच खचतं. इतक्यात एका तरुणानं कानाशी येऊन एक खवला मागितला, अंगठीत बसवायला. मी त्याच्यासमोर माझं नख धरलं. नख ज्या पदार्थाचं, तो खवलाही त्याच पदार्थाचा. त्यात ना औषध ना नशीब. याच खवल्यांपायी जगातल्या आठही जातींची इतकी कत्तल झाली की 2016 साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. पोरगा गप्प झाला. नंतर दोर ओढायला तोच सगळ्यात पुढं होता.

एक पोरगा खाली उतरला. गोळा हलक्या हातानं पोत्यावर घेतला, पोतं बुट्टीत ठेवलं आणि बुट्टी वर ओढली. माझं भुलीचं औषध बॅगेतच राहिलं. मागच्या पायाजवळ खरचटलेलं दिसत होतं, थोडं रक्तही होतं. पण बाकी अंग बघायचं कसं? सगळं आत गुंडाळलेलं. मग एका घरच्या रिकाम्या गोठ्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात बुट्टी ठेवली, दार लोटलं आणि सगळ्यांना लांब बसवलं. दवाखान्यात नेऊन ठेवायचा विचारही केला नाही. याला दात नाहीत. वारूळ उकरायचं, लांब चिकट जीभ आत घालायची आणि मुंग्या, वाळवी गिळायची, हेच याचं जेवण. पिंजऱ्यात ही जनावरं फार टिकत नाहीत.

बसल्या बसल्या मला गेल्या साली रताळ्याच्या शेतात तारेच्या फासात अडकलेलं साळिंदर आठवत होतं. तेव्हा भुलीशिवाय जवळ जाताच आलं नव्हतं. ते गुंडाळत नाही, पाठ फिरवतं. काटे पिंजारून, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवत ते उलटं अंगावर येत होतं. काटे फेकून मारतं म्हणतात ते खोटं. पण ते इतक्या झटक्यात मागं येतं की काटा कधी रुतला ते कळत नाही. शेतकऱ्याच्या कुत्र्याच्या जबड्यातनं मी त्या दिवशी सात काटे काढले. रात्री ते शुद्धीवर येईपर्यंत आम्ही थांबलो, तर बांधापलीकडं दुसरं साळिंदर घुटमळत होतं. साळिंदरं जोडीनं राहतात. बिळात पिल्लं असली की आई आणि बाप दोघंही त्यांच्याजवळ असतात. पिल्लं डोळे उघडे घेऊनच जन्मतात, काटे मात्र मऊ असतात, बाहेरची हवा लागली की थोड्या वेळात ताठ होतात.

खवले मांजर बहुतेक एकटं हिंडतं. एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, आणि त्याचे खवले सुरुवातीला फिकट आणि मऊ असतात. ते कडक होईपर्यंत त्याला आईशिवाय दुसरी ढाल नसते. हे सगळं मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं.

दुपार सरली. साडेपाचच्या सुमाराला दाराच्या फटीतनं बघत असलेल्या वॉचरनं माझा हात घट्ट धरला. बुट्टीतला गोळा सैल होत होता. आधी निमुळतं नाक बाहेर आलं, बराच वेळ नुसतं हवा हुंगत राहिलं. मग शेपटी हळूहळू उलगडली आणि तिच्याखाली, पोटाशी, फिकट गुलाबीसर खवल्यांचं हातभर पिल्लू. ते हललं आणि मला पहिल्यांदा श्वास घेता आला. पडताना ती त्याच्याभोवती मिटली होती आणि पहाटेपासून तशीच होती. सकाळी त्या घागरी रित्या झाल्या असत्या तर? पाणी बघून तिनं आणखी घट्ट आवळलं असतं, आणि आत काय आहे हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. खवल्यांवरून हात फिरवून वजनाचा अंदाज घेणारा मी, दुसरा जीव असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पाय तुटलेला नव्हता. लांबूनच जखमेवर फवारा मारला. पिल्लाला हात लावला नाही.

अंधार पडल्यावर वनखात्याच्या गार्डसोबत आम्ही बुट्टी जंगलाच्या कडेला, वारुळं असलेल्या माळावर नेली आणि आडवी केली. ती लगेच बाहेर आली नाही. बॅटऱ्या विझवून आम्ही पंधरा-वीस मिनिटं तसेच उभे राहिलो. मग चांदण्यात ती दिसली. पुढच्या पायांची लांब नखं आत मुडपून, भार मागच्या पायांवर टाकत चाललेली, आणि शेपटीच्या बुडाशी पोटावर पडून घट्ट चिकटलेलं पिल्लू. करवंदीच्या जाळीपाशी ती क्षणभर थांबली आणि आत शिरली.

गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून गार्डनं नोंद पूर्ण केली. सकाळीच त्यानं कन्नडमध्ये लिहून ठेवलं होतं: चिप्पुहंदी, ओंदु, म्हणजे एक. त्यानं 'ओंदु' नीट एका रेघेनं खोडलं आणि पुढं 'एरडु' लिहिलं.