स्तुती की निंदा? स्वभावाची इंग्रजी विशेषणे

इंग्रजीच्या बाईंनी लावलेली एक शिस्त या स्मरणिकेत नोंदवून ठेवावीशी वाटते, कारण ती आजच्या मुलांनाही तितकीच उपयोगी आहे. स्वभावाचे विशेषण आले की त्यापुढे एक मराठी अर्थ लिहून मोकळे व्हायचे नाही. वहीत चार रकाने आखायचे: शब्द, स्तुती की निंदा, असा माणूस नेमके काय करतो, आणि पूर्ण वाक्य.

‘थ्रिफ्टी’ ही स्तुती. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून तो कच्ची वही करतो. ‘स्टिंजी’ ही निंदा. ऐपत असूनही वर्गणीच्या वेळी त्याचा हात खिशाकडे जात नाही. तिसरा रकाना भरता आला नाही, तर शब्द अजून कळलेला नाही असे खुशाल समजावे.

घोटाळा जास्त होतो तो दुसऱ्या रकान्यात. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर याचे अचूक उदाहरण दिले होते: मी ‘फर्म’ (ठाम), तू ‘ऑब्स्टिनेट’ (हट्टी), तो ‘पिग-हेडेड’ (आडमुठा) मूर्ख. तिघांचे वागणे एकच, बदलले ते बोलणाऱ्याचे मत. म्हणून वडिलांवरच्या निबंधात ‘ऑब्स्टिनेट’ लिहिले की कौतुकाचा सगळा परिच्छेद फसतो. तिथे ‘डिटरमिन्ड’, म्हणजे निश्चयी, हवे. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशात अशा शब्दांजवळ ‘अप्रूव्हिंग’ (स्तुतीचा) किंवा ‘डिसअप्रूव्हिंग’ (निंदेचा) अशी खूण असते. अर्थाआधी ती पाहावी.

काही जोड्या कानाला फसवतात. आभाळ भरलेले पाहून छत्री घेणारा ‘सेन्सिबल’, साधे बोलणेही मनाला लावून घेणारा ‘सेन्सिटिव्ह’. ‘क्रेडिबल’ माणसावर लोक विश्वास ठेवतात. ‘क्रेड्युलस’ माणूस कोणावरही ठेवतो. ‘चाइल्डिश’ आणि ‘चाइल्डलाइक’ यांत शेवट पाहावा. ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट, ‘चाइल्डलाइक’मध्ये निरागसपणाचे कौतुक.

लग्नाच्या जाहिरातीतला ‘होमली’ तर फारच जपून वापरावा. आपल्याकडे तो घरगुती वळणाची मुलगी सांगतो, अमेरिकेत मात्र दिसायला बेताची. तिकडच्या स्थळाला बायोडेटा धाडताना तो काढूनच टाकावा.

आणि विशेषण योग्य निवडूनही वाक्य चुकू शकते. ‘ही इज सिली’ म्हटले की मुलाचा स्वभावच खुळा ठरतो. ‘ही इज बीइंग सिली’ म्हणजे आत्ता खुळ्यासारखे वागतोय, एवढेच. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिणाऱ्यांनी हा फरक जरूर पाळावा.