फियाट ओव्हर होते तेव्हा

परवा भर दुपारी ठाण्यात तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या पुढ्यात, एक पांढरी प्रीमियर पद्मिनी अडून बसली होती. आत पंचविशीतला मुलगा, पाय ॲक्सिलरेटरवर धपधपधप. पेट्रोलचा वास फुटपाथपर्यंत आला. ओव्हर केली गाढवाने, म्हणजे इंजिनात नको इतकं पेट्रोल.

आमच्याकडेही होती. कागदोपत्री पद्मिनी, घरात कायम फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची. थंडीतल्या सकाळी चोक, म्हणजे हवा कमी करणारी दांडी, ओढला की निमूट चालू व्हायची. रुसायची ती तापल्यावर. वसईला मामाकडे निघालो की गायमुखला चहा ठरलेला, आणि चहानंतर ही बयाही ठरलेली. इंजिन थांबलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं. खालच्या धगीने हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर तापतो, वाटीतलं पेट्रोल उकळून आत उतरतं, प्लग भिजतात. त्यात पेडल मारत बसलं की दर दाबाला आणखी एक पिचकारी.

बाबा चोक आत आहे ना ते बघायचे, पेडल तळापर्यंत दाबून धरायचे, अजिबात पंप न करता, आणि चावी फिरवून सेल्फ मारायचे. हवा भरपूर गेली की साचलेलं पेट्रोल निघून जातं. नाहीच झालं तर बॉनेट उघडून दहा मिनिटं गप्प. ती दहा मिनिटं आईला सोसायची नाहीत. तेवढ्यात कुणीतरी यायचंच: "पंपावर ओलं फडकं ठेवा." ते औषध वेगळ्या दुखण्याचं, पेट्रोलची वाफ होऊन टाकीतलं पेट्रोल खेचणारा इंजिनाचा पंप ओढेनासा होतो तेव्हाचं. तेव्हा वास येत नाही. बाबांना हे ठाऊक होतं, तरी फडकं ठेवू द्यायचे. माणूस उन्हात थांबलाय, म्हणायचे.

माझ्या आत्ताच्या गाडीत कार्बोरेटरच नाही. तरी चावी फिरवताना पाय पेडलपासून लांब, आणि आधी एकदा वास घेतो. बायको म्हणते, कुत्र्यासारखा.

त्या मुलाला म्हटलं, "दाबून धर, सोडू नकोस." दोन-तीन आचके, काळ्या धुराचा लोट, आणि गेला 'तीन पेट्रोल पंप' नाक्याच्या दिशेने. हातसुद्धा केला नाही.

आमची विकली तेव्हाही दुपारच होती. गिऱ्हाईक आलं तेव्हा बाबा नुकतेच बाजारातून परतलेले, इंजिन चांगलं तापलेलं. त्यांनी त्याला आधीच बजावून ठेवलं, तापली की जरा त्रास देते हं. त्याने चावी फिरवली. एका सेल्फमध्ये चालू. बाबांचा चेहरा पडला.