लाल शाई, हिरवी शाई

म्युनिकला आले तेव्हाच ठरवलं होतं, जर्मन लेखक मिखाएल एंडे यांची पुस्तकं ऑनलाइन मागवायची नाहीत. दुकानात जाऊन, चाळून घ्यायची. एंडे १९२९ मध्ये आल्प्सच्या पायथ्याच्या गार्मिशला जन्मले, पण त्यांचं लहानपण गेलं ते इथे, म्युनिकच्या श्वाबिंग भागात. त्यांचे वडील एडगर एंडे चित्रकार. नाझींनी त्यांच्या चित्रांवर बंदी घातली होती. अशा घरातला मुलगा मोठेपणी अद्भुत देशांच्या गोष्टी लिहितो, याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय.

त्यांची 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' मी कॉलेजात असताना मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतली होती. इंग्रजी पेपरबॅक, शिवण सैल झालेली, शेवटची दोन पानं सेलोटेपने चिकटवलेली. किती पारायणं केली त्याला गणती नाही.

इथे पहिल्यांदा गेले ते मारिएनप्लाट्झजवळच्या एका मोठ्या दुकानात. फँटसीच्या कपाटात ई अक्षर दोनदा धुंडाळलं, एंडे नाहीत. तिथली बरीचशी पुस्तकं इंग्रजीतून जर्मनमध्ये आलेली. विचारलं तर तिथला मुलगा मला बालविभागात घेऊन गेला. पुस्तक होतं, पण मला वाईट वाटलं. निव्वळ मुलांचा लेखक हा शिक्का खुद्द एंडे यांनाही आवडत नसे.

शिवाय मला जुनी आवृत्ती हवी होती. नवं पुस्तक कुठेही घ्या, किंमत तीच. इथे प्रकाशकाने ठरवलेली किंमत कायद्याने सगळ्या दुकानांना बांधलेली असते. त्यामुळे गल्लीतलं छोटं दुकानही मोठ्यांसमोर तग धरून राहतं. जुन्या पुस्तकांना मात्र हे बंधन नाही, आणि त्यांचा शोधही ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

तो शोध संपला युनिव्हर्सिटीजवळच्या शेलिंगश्ट्रासंवर, जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात. मालकीणबाई सत्तरीच्या. मी नाव घेताच त्या शिडीवर चढल्या आणि वरच्या फळीवरून एक जाड पुस्तक काढून हातात दिलं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं : ८ युरो. पान उलटलं आणि मी तिथेच थबकले. अक्षरं लाल होती! थोडी पुढे गेले तर हिरवी, जराशी निळसर झाक असलेली.

'दोन रंगांत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?' त्यांनी विचारलं.

नव्हतं. बास्टिआन या मुलाचं खरं जग लाल शाईत आणि तो वाचत असलेला फांटाझिएन देश हिरव्या शाईत, अशी १९७९ च्या मूळ आवृत्तीपासूनची छपाई. माझ्या फुटपाथवरच्या प्रतीत सगळंच काळं होतं, फक्त खऱ्या जगाचा मजकूर तिरप्या अक्षरांत. प्रकरणं २६, ए पासून झेडपर्यंत एकेका अक्षराने सुरू होणारी, आणि प्रत्येक अक्षराचं रोझविटा क्वाडफ्लीग यांनी केलेलं पानभर चित्र. ती चित्रंही मी पहिल्यांदाच पाहिली.

गोष्टही सुरू होते ती अशाच दुकानात. पहिल्या पानावर दुकानाच्या काचेच्या दारावरची पाटी उलट्या अक्षरांत छापलीय, कारण आपण ती आतून वाचत असतो.

त्या संध्याकाळी घरी नुसती पानं उलटत बसले. निम्म्याच्या थोडं अलीकडे बास्टिआन गोष्टीच्या आत शिरतो आणि तिथून लाल शाई नाहीशी होते. पुढे पानांमागून पानं हिरवीच. शेवटच्या प्रकरणात तो परततो, बाबांना भेटतो, तेव्हा कुठे लाल पुन्हा उमटतं. हा मुलगा किती काळ घराबाहेर होता, ते इतक्या पारायणांत मला जाणवलं नव्हतं. शाईने ते एका नजरेत दाखवलं. मी पुस्तक तसंच उघडं ठेवून आईला फोन केला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, पण तिने उचलला.

आणखी एक. मी ज्याला इतकी वर्षं फाल्कोर म्हणत आले, त्या ड्रॅगनचं मूळ नाव फुखुर आहे. या गोष्टीत तर सम्राज्ञीला नवं नाव मिळण्यावर सगळ्या देशाचा जीव अवलंबून असतो. त्यामुळे हे कळल्यावर मी ते नाव दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

माझं जर्मन अजून कच्चं आहे. रोज रात्री दोन पानं, शेजारी शब्दकोश. सध्या के अक्षरापर्यंत पोहोचलेय. परवा मालकीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'झेड झालं की या. एंडे यांनी स्वतः चित्रं काढलेलं "मोमो" आलंय, तुमच्यासाठी बाजूला ठेवते.'