रिट्रॅक्टरचा दावा आणि आधीचे शोध
सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात, नाशिकच्याच एका शल्यविशारदांच्या सल्ल्याने घडवलेल्या रिट्रॅक्टरवर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला धरून ठेवणाऱ्या उपकरणावर, मुंबईच्या पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आला आहे. परीक्षकांनी अशाच उपकरणांचे आधीचे दोन दस्तऐवज आक्षेपासाठी पुढे केले आहेत. एकात दात्यांच्या पट्टीवर अडकणारी खटकी आहे, दुसऱ्यात सुटी होणारी पाती. आमच्या उपकरणाची सगळी वैशिष्ट्ये एकाच दस्तऐवजात नसल्याने नावीन्याचा आक्षेप टिकणार नाही. खरी कसोटी इन्व्हेंटिव्ह स्टेपची, म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज न सुचणाऱ्या कल्पकतेची आहे, कारण या दोहोंची सांगड घालणे जाणकाराला सहज सुचले असते, असे परीक्षकांचे म्हणणे आहे आणि ते मला वाजवी वाटते. स्वतःहून उघडा राहणारा रिट्रॅक्टर शल्यविशारद बाल्फोर यांनी १९१२ मध्येच मांडला होता; नुसत्या खटकीवर हक्क सांगणे न्याय्य नव्हे. आमचे वेगळेपण बिजागरीत आहे: ताण वाढला की पाते किंचित कलते आणि त्याची कड ऊतीत रुतत नाही. ही रचना मूळ अर्जात आकृतीसह नोंदलेली आहे, हे फार महत्त्वाचे, कारण १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ५९ नुसार दुरुस्तीच्या नावाखाली नवी माहिती घालता येत नाही. म्हणून बिजागरी मुख्य दाव्यात, म्हणजे अर्जातल्या हक्क मागणाऱ्या मुख्य विधानात, आणून दावा मर्यादित करावा, असे मी भागीदारांना कळवले आहे. उत्तराला ६ महिन्यांची मुदत आहे.